‘सेमिटिक’ म्हणजे ज्यू नव्हे: मराठी न्यूज डेस्कना एक खुलं पत्र

प्रति,
मराठी पेपर, चॅनेल आणि न्यूज पोर्टलचे संपादक, उपसंपादक, आणि परदेशच्या बातम्या रातोरात मराठीत करून देणारी डेस्कवरची सगळी मंडळी,

नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय एकच शब्द आहे, सेमिटिक. कोणी सेमेटिक लिहितं कोणी सेमिटिक, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी की हा शब्द तुमच्याकडे तीन तऱ्हांनी येतो आणि तिन्ही वेळा घोळ असतो. परदेशात कुठल्यातरी कॉलेजात ज्यू मुलांना धमक्या आल्या की हेडिंग येतं ‘कॅम्पसमध्ये सेमेटिकविरोधी वातावरण’. रविवारच्या पुरवणीत कोणी धर्मावर लिहायला बसलं की ‘सेमेटिक धर्म’ एका बाजूला आणि ‘भारतीय धर्म’ दुसऱ्या बाजूला, झाली वाटणी. आणि रात्री नऊच्या डिबेटला एखादे पाहुणे टेबल आपटून सांगतात की अहो अरब स्वतःच सेमिटिक आहेत, मग ते अँटी-सेमिटिक, म्हणजे ज्यूंचा द्वेष करणारे, कसे काय असतील, आणि अँकर मान डोलावतो कारण त्यालाही ते लॉजिक एकदम बिनतोड वाटतं.

मी काही भाषाशास्त्राचा प्रोफेसर नाही. अलिबागचा माणूस, कोर्टात कारकुनी केली, आता रिटायर. पण ज्याने आयुष्यभर कोर्टाची मराठी लिहिली त्याला या शब्दाचं कुतूहल वाटणारच, कारण दावा, वकील, जामीन, मुदत, तारीख, जप्ती, हुकूम हे आमचे रोजचे शब्द सगळे अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेले, आणि अरबी ही सेमिटिक भाषा. म्हणजे जो शब्द तुम्ही परदेशी बातमीत भलत्याच अर्थाने वापरता त्याचं अख्खं गणगोत तुमच्याच लोकल पानावर रोज छापून येतंय. क्राइम रिपोर्टरची कुठलीही कॉपी काढा, ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल’. या इसमाला जरा बसवून ठेवा, त्याचं काम आहे.

आधी जन्माची गोष्ट. हा शब्द पुरातन वगैरे अजिबात नाही. जुन्या इराकातले बाबिलोनचे लोक, लेबनॉनच्या किनाऱ्याचे फिनिशियन, हिब्रू, अरब, यांच्यातल्या कोणीही जुन्या काळी स्वतःला सेमिटिक म्हणवून घेतलेलं नाही. हे नाव काढलं जर्मनीत, ग्योटिंगेन युनिव्हर्सिटीतल्या ऑगस्ट लुडविग श्ल्योत्सर नावाच्या इतिहासाच्या प्रोफेसरने, १७८१ साली, एका लेखात. आयखहॉर्न म्हणून बायबलचा दुसरा एक पंडित होता त्याने ते पुढे रूढ केलं. गरज काय पडली? तर हिब्रू, अरामी, अरबी या भाषा बहिणी-बहिणी आहेत हे उघड दिसत होतं आणि त्यांना मिळून एक नाव हवं होतं. तोवर युरोपात त्यांना नुसतं पौर्वात्य भाषा म्हणायचे, आणि पूर्वेला काय, चीनपण आहे. नातं काही श्ल्योत्सरने शोधलं नाही हो, उत्तर आफ्रिकेतल्या ताहेर्तचा यहूदा इब्न कुरैश नावाचा ज्यू पंडित, त्याने हजारेक वर्षांपूर्वीच हिब्रू, अरामी आणि अरबीची शब्दाला शब्द लावून तुलना केलेली आहे, तीसुद्धा अरबीत लिहून. बारसं तेवढं युरोपने केलं.

आणि नाव घेतलं बायबलमधून. उत्पत्तीच्या पुस्तकात दहावा अध्याय आहे, त्यात जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचे तीन मुलगे शेम, हाम आणि याफेथ, आणि त्या तिघांपासून सगळं जग कसं पसरलं त्याची लांबलचक वंशावळ दिलीय. शेमच्या घरात अराम, अश्शूर आणि हिब्रूंचा पूर्वज एबर. म्हणून शेमवरून सेमिटिक. ग्रीक-लॅटिनला ‘श’ जमत नाही म्हणून शेमचा सेम झाला. अरबीत तोच साम, त्यावरून उर्दू-हिंदीवाले ‘सामी’ म्हणतात.

आता आणा तो इसम. हिब्रूत शेम या शब्दाचा अर्थच ‘नाव’. अरबीत तोच शब्द इस्म, अर्थ पुन्हा नाव. हा इस्म फारसीच्या वाटेने मराठीत आला, इथे नावावरून अर्थ सरकून माणसावर गेला आणि झाला इसम. म्हणजे सेमिटिकमधला सेम आणि पोलीस ठाण्याच्या डायरीतला फरार इसम हे सख्खे चुलत भाऊ निघाले. मला तर हे कळलं तेव्हा काय आनंद झाला होता सांगू, आयुष्यभर ‘सदर इसम’ लिहून बोटं झिजवली त्याचं चीज झाल्यासारखं वाटलं.

पण श्ल्योत्सरच्या बारशात पहिल्या दिवसापासून एक लोचा होता. बायबलची ती वंशावळ भाषेप्रमाणे लावलेली नाहीच, कोण कुणाच्या राज्यात, कोण मित्र, कोण शत्रू, या हिशेबाने ती लावलेली दिसते. त्यात कनान हा हामचा मुलगा. कनान म्हणजे फिनिशियन वगैरे मंडळी, आणि फिनिशियन भाषा हिब्रूला इतकी जवळची की एकीचे शिलालेख दुसरीच्या आधाराने वाचता येतात. म्हणजे वंशावळीप्रमाणे शत्रू, भाषेप्रमाणे जुळी बहीण. उलट एलाम हा शेमचा मुलगा म्हणून दिलाय, पण इराणच्या बाजूच्या एलामची भाषा सेमिटिक कुटुंबात बसतच नाही. कूश, म्हणजे इथिओपियाकडची बाजू, हामच्या खात्यात टाकलीय, आणि आज सेमिटिक भाषांत अरबीच्या खालोखाल सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा कुठली तर इथिओपियाची अम्हारिक. श्ल्योत्सरला फिनिशियनांची अडचण दिसली होती, तरी त्याने नाव तेच ठेवलं. थोडक्यात शेमचे वंशज आणि सेमिटिक भाषा बोलणारे हे दोन गट कधीच एक नव्हते, नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यातसुद्धा नव्हते.

मग सेमिटिक भाषा ओळखायची कशावरून? तीन व्यंजनांवरून. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनांचा एक सांगाडा असतो आणि स्वर बदलून, पुढेमागे काही चिकटवून त्याच्यातून शब्दांची पलटण निघते. हे समजायला तुम्हाला अरबीच्या क्लासला जायची गरज नाही, मराठीत बसल्या जागी दिसतं. ज-म-अ, म्हणजे गोळा होणं. पैसे गोळा झाले की जमा, माणसं गोळा झाली की जमाव, एकत्र राहिली की जमात, नमाजाला ज्या दिवशी गोळा होतात तो जुम्मा, आणि गोळा झालेल्याचा हिशेब ठेवणारा तो मुजुमदार. (शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा या मुजुमदाराला अमात्य केलं, हुद्दा बदलला पण आडनाव काही हटलं नाही.) तसंच अ-म-ल, म्हणजे काम करणं, त्यातून अंमल, मामला आणि आपला मामलेदार. काझी, कज्जा आणि उधारीचा तगादा, तिघं एका घरातले. लागते ती नजर आणि कोर्टातला नाझर पण तसेच, नाझरसाहेबांची नजर आमच्यावर कायम असायचीच म्हणा. कोल्हापूरच्या पोरांनी घाम गाळायची ती तालीम, तिचा अरबी अर्थ शिकवणं, आणि ती इल्म म्हणजे ज्ञान आणि आलिम म्हणजे विद्वान यांच्या घरातली.

हाच सांगाडा हिब्रूत. आपला मालक आणि मुलूख अरबी म-ल-क मधून, आणि हिब्रूत मेलेख म्हणजे राजा. अरबी सलाम आणि हिब्रू शालोम तर सगळ्यांनाच माहितीय. सूर्याला अरबीत शम्स, हिब्रूत शेमेश, आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या अक्कादी भाषेत शमाश, जो तिथे चक्क देव होता, हम्मुराबीच्या कायद्याच्या दगडावर राजा ज्याच्यासमोर उभा आहे तो हाच असं मानतात. सेमिटिक या शब्दाला खरा, भक्कम, कोणी नाकारू शकत नाही असा अर्थ आहे तो एवढाच: एक भाषाकुटुंब. अक्कादी, अरामी, फिनिशियन, हिब्रू, अरबी, गीझ, अम्हारिक, तिग्रिन्या, माल्टीज. या यादीत बसणारी भाषा ती सेमिटिक, आणि भाषेला रक्त नसतं.

अगदी आपल्या सम्राट अशोकाचं घ्या. कंदाहारला १९५८ मध्ये त्याचा एक शिलालेख सापडला, दोन भाषांत, ग्रीक आणि अरामी. अरामी म्हणजे पक्की सेमिटिक, इराणच्या हखामनी साम्राज्याचा कारभार त्याच भाषेत चालायचा, म्हणून त्या भागातल्या लोकांना ती कळायची, म्हणून अशोकाने त्यात लिहवून घेतलं. त्यामुळे अशोक सेमिटिक झाला का? मग?

आता बिघडलं कुठे ते सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी भाषेच्या नावाला हाडामांसाची माणसं चिकटवली. सेमिटिक भाषा, म्हणजे सेमिटिक लोक, म्हणजे सेमिटिक वंश, म्हणजे त्या वंशाचा अमुक स्वभाव, एकेक पायरी गुपचूप चढत गेले. फ्रान्सचा एर्नेस्त रेनां, मोठा विद्वान, १८५५ मध्ये त्याने सेमिटिक भाषांचा जाडजूड इतिहास लिहिला आणि त्यातच ठरवून टाकलं की सेमिटिक वंश हा इंडो-युरोपियन वंशापुढे खालच्या दर्जाचा. व्याकरणावरून माणसाची लायकी! आपल्याला हे नवीन नाही म्हणा. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं नातं जाहीर केलं, आणि त्यातून निघालेल्या ‘आर्य’ शब्दाचं पुढे जे काय झालं ते आपण आजपर्यंत निस्तरतोय, महाराष्ट्रात तर फुल्यांनी एका टोकाने आणि टिळकांनी दुसऱ्या टोकाने तो शब्द धरला होता. आर्य आणि सेमिटिक ही जोडी युरोपने एकाच कारखान्यात तयार केली. मॅक्समुल्लर म्हाताऱ्या वयात कानीकपाळी ओरडून सांगत होता की आर्य हे भाषेचं नाव आहे, कवटीच्या मापाचं नाही, पण तोवर माल बाजारात गेला होता.

आणि मग आला विल्हेल्म मार. हा जर्मन पत्रकार, म्हणजे तुमच्याच लाइनमधला, राग मानू नका. जर्मनमध्ये ज्यूंच्या तिरस्काराला आधीपासून एक साधा शब्द होता, यूडेनहास, सरळ अर्थ ज्यूद्वेष. पण त्याला जुन्या धार्मिक भांडणाचा वास यायचा, येशूला कोणी मारलं वगैरे. माराला आणि त्याच्या मंडळींना मॉडर्न, सायंटिफिक वाटणारा शब्द हवा होता, म्हणजे आम्ही काही धर्मवेडे नाही, आम्ही वंशशास्त्राच्या आधारे बोलतोय असं दाखवता येईल. म्हणून १८७९ मध्ये त्याने ‘अँटिसेमिटेन-लीगा’, म्हणजे अँटिसेमिटांची संघटना, काढली आणि अँटिसेमिटिझम हा शब्द राजकारणात धावायला लागला. तो शब्द आधी अगदीच नव्हता असं नाही, मोरित्झ स्टाइनश्नायडर या ज्यू विद्वानाने १८६० मध्ये तो रेनांच्या पूर्वग्रहांना नावं ठेवताना वापरला होता. पण स्टाइनश्नायडरने तो शिवी म्हणून वापरला आणि मारच्या लोकांनी तो बिल्ल्यासारखा छातीवर लावला. स्वतःच्या द्वेषाला स्वतःच असं गोंडस नाव देऊन मिरवणारे लोक, आणि दीडशे वर्षांनी आपण मराठीत त्यांच्या शब्दाचं इमानदारीत भाषांतर करतोय.

इथे एक गोष्ट नीट बघा. मार ज्यांच्याविरुद्ध आग ओकत होता ते जर्मनीतले ज्यू घरात काय बोलायचे? जर्मन. पोलंड-रशियाकडून आलेले यिद्दिश बोलायचे, तीही जर्मनचीच नातेवाईक, लिपी हिब्रू. हिब्रू होती ती प्रार्थनेत आणि पोथ्यांत. म्हणजे अँटिसेमिटिझमचा सेमिटिक भाषांशी काडीचा संबंध पहिल्या दिवशीसुद्धा नव्हता. अरबांशी तर नव्हताच, बर्लिनमध्ये अरब होते किती? दुसऱ्या महायुद्धात तर नाझींनाच पंचाईत झाली, अरबांना आपल्या बाजूला ओढायचं होतं, तेव्हा हा शब्द टाळा अशा सूचना त्यांच्याच प्रचारखात्यातून निघाल्या, म्हणजे आमचा राग फक्त ज्यूंवर आहे हे स्पष्ट व्हावं म्हणून.

त्यामुळे ते डिबेटवालं लॉजिक, अरब पण सेमिटिक मग ते ज्यूविरोधी कसे, हे ऐकायला चटपटीत आहे पण पोकळ आहे. शब्दाची फोड करून अर्थ काढायचा म्हटलं तर मग खानावळीत फक्त खान बसले पाहिजेत. कोणी ज्यूंचा द्वेष करतो की नाही हे त्याच्या वागण्या-बोलण्यावरून ठरेल, त्याच्या मातृभाषेत किती व्यंजनांचे धातू आहेत त्यावरून नाही. आणि हे दोन्हीकडे लागू आहे बरं का. इस्राएल सरकारवर टीका केली की लगेच कोणी ‘सेमेटिकविरोधी’ असा शिक्का मारतं, तिथेही हा धूसर शब्द कामाला येतो, कारण वाचकाला नक्की आरोप काय केलाय तेच कळत नाही. ‘ज्यूद्वेष’ असा धडधडीत शब्द लिहायची वेळ आली की लिहिणाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल, आपण म्हणतोय ते खरंच आहे का. आणि जिथे तो खरोखर आहे तिथे तो लपणार नाही. २६/११ ला अतिरेक्यांनी मुंबईत एवढ्या गल्ल्या सोडून कुलाब्याच्या आतल्या गल्लीतलं नरिमन हाऊस, ज्यूंचं केंद्र, शोधून काढलं, ते कशासाठी? त्याला मराठीत ज्यूद्वेष म्हणतात. ‘सेमेटिकविरोधी भावना’ म्हटलं की काहीतरी थिसिसमधलं वाटतं.

इंग्रजीवाल्यांनाही हे उशिरा का होईना कळलंय. असोसिएटेड प्रेसने २०२१ मध्ये आपल्या स्टाइलबुकात anti-Semitism या शब्दाच्या मधली आडवी रेघ काढून टाकली आणि पुढचं मोठं अक्षर छोटं केलं, का, तर वाचकाला ‘सेमिटिझम’ नावाची काही खरी वस्तू आहे आणि हे तिच्या विरुद्ध आहेत असं वाटू नये. आपल्याला तर रेघेची कटकटच नाही, आपल्याकडे सरळ शब्द तयार आहे.

आता ते ‘सेमेटिक धर्म’ प्रकरण. लेखकांना म्हणायचं असतं एकेश्वरी, एक ग्रंथ, एक प्रेषित अशी परंपरा, ज्यू-ख्रिश्चन-मुस्लिम. ठीक आहे, तसं म्हणा ना. अब्राहमी म्हणा, इब्राहिमी म्हणा, एकेश्वरी म्हणा. सेमिटिक का? सेमिटिक भाषा बोलणाऱ्यांचा लिखित इतिहास साडेचार हजार वर्षांचा, त्यातला निम्म्याहून जास्त काळ बहुतेकांच्या घरी देवांची नुसती जत्रा होती. बाबिलोनात इश्तार, मार्दुक, शमाश. फिनिशियनांकडे बाल आणि अश्तार्त. मक्केत इस्लामच्या आधी लात, उज्जा, मनात. हे सगळे सेमिटिक भाषेत पूजले जाणारे देव, मूर्ती, नैवेद्य, देवळं सगळं होतं. आणि उलट, आजचे जगातले बहुसंख्य मुसलमान बोलतात इंडोनेशियन, बंगाली, उर्दू, फारसी, तुर्की, यातली एकही सेमिटिक नाही. ख्रिश्चनांचं तर बोलायलाच नको. त्याच वेळी माल्टात जा, कट्टर कॅथलिक देश, युरोपियन युनियनमधला, आणि भाषा सेमिटिक, अरबीतून निघालेली पण लिहितात रोमन लिपीत. तिथे चर्चमध्ये देवाला म्हणतात ‘अल्ला’, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळाला म्हणतात ‘रनदान’, म्हणजे रमजान. आता हा कुठला धर्म म्हणायचा तुमच्या वाटणीत? लांब कशाला, केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना सिरियाक भाषेत आहे, म्हणजे अरामीचंच एक रूप, आणि घरात बोलणं मल्याळममध्ये.

मला वाटतं हा ‘सेमेटिक धर्म’ प्रयोग लोकांना आवडतो कारण त्यात ‘परके’ असं म्हणावं न लागता परकं म्हणता येतं. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

आता थोडं घरचं. अलिबागला आमच्याकडे इस्राएल आळी आहे, तिथे मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, लहानपणापासून बघतोय. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नवगावला जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाल्यांनी नाव ठेवलं शनवार तेली. शनिवारच्या या सुट्टीला हिब्रूत म्हणतात शब्बाथ, अरबीत शनिवारला सब्त, मूळ अर्थ थांबणं. आमच्या शेजारच्या घरी मलिदा असला की बोलावणं यायचं. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूने फळं मांडलेली, आणि सगळे मिळून म्हणायचे ‘एलियाहू हन्नबी’. मला वाटायचं हन्नबी हे आडनाव असेल. हिब्रूत ‘हा’ हे आपलं नुसतं उपपद, आणि ‘नबी’ म्हणजे प्रेषित, तोच नबी जो मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडी आहे. आणि ही सगळी मंडळी बोलायची काय, तर आमच्यापेक्षा चोख अलिबागची मराठी. हिब्रू प्रार्थनेपुरती. त्यांच्यासाठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, १८४६ मध्ये मुंबईत मराठीतून छापली गेलीय, आणि पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या हगादात चित्रांतल्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. इस्राएलला गेलेल्यांनी तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

आता लावा तुमचा शब्द. मुंबईतला मोठा व्यापारी डेव्हिड ससून बगदादहून आलेला, त्याच्या घरात अरबी, म्हणजे तो सेमिटिक भाषा बोलणारा. आमचे किहीमकर मराठी बोलणारे, म्हणजे भाषेने तुमच्या-माझ्यासारखेच. दोघेही ज्यू. सेमिटिक म्हणून ज्यू कळत नाही आणि ज्यू म्हणून सेमिटिक कळत नाही, याच्याहून जवळचा पुरावा तुम्हाला महाराष्ट्रात कुठे मिळणार?

आपल्या लोकांनी या बाबतीत डेस्कवाल्यांपेक्षा जास्त अक्कल दाखवलीय असं माझं म्हणणं आहे. पुण्यात कॅम्पात ससूनने बांधायला घेतलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ चं, लाल विटांचं उंच मनोऱ्याचं, त्याला पुणेकर आजही म्हणतात लाल देऊळ. आणि मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं शाआर हारहामीम, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, त्याला लोक म्हणायचे जुनी मशीद, खुद्द बेने इस्राएलही मशीदच म्हणायचे, आणि जवळच्या मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यात देऊळ, मुंबईत मशीद, कोणाच्या पोटात दुखलं नाही. त्यातही गंमत, शाआर हारहामीम म्हणजे दयेचं दार. रहामीम, र-ह-म, याच तीन व्यंजनांतून रहम, रहीम, रहमान. हिब्रूत रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय. म्हणजे त्या गल्लीत सिनेगॉगच्या पाटीवर आणि शेजारच्या मशिदीत होणाऱ्या बिस्मिल्लात धातू एकच आहे, आणि डोंगरीच्या बाजारात ‘रहम करो भाई’ म्हणून घासाघीस करणाऱ्याच्या तोंडात पण तोच.

तर मागणं असं. एजन्सीच्या कॉपीत अँटिसेमिटिझम दिसलं की मराठीत ‘ज्यूद्वेष’ लिहा, बातमीला साजेल तसं ‘ज्यूविरोधी’ चालेल. माणसांबद्दल लिहिताना ज्यू म्हणा किंवा यहुदी म्हणा, दोन्ही शब्द बायबलमधल्या यहूदाच्याच नावाचे आहेत, एक युरोप फिरून आला आणि एक अरबस्तानातून, त्यात उच्च-नीच काही नाही, फक्त एका बातमीत दोन्ही वापरून वाचकाला ते वेगवेगळे लोक वाटतील असं करू नका. आमच्या इथल्या समाजाबद्दल लिहिताना बेने इस्राएल लिहा, ते स्वतःला तेच म्हणवतात, आणि ‘इस्रायली’ तर अजिबात नको, तो एका देशाचा नागरिक झाला, अलिबागच्या पेणकरांचा पासपोर्ट भारताचा आहे. धर्माच्या लेखात अब्राहमी किंवा एकेश्वरी. सेमिटिक हा शब्द ठेवा भाषांसाठी, तिथे तो सोन्यासारखा आहे. आणि त्या रात्री नऊच्या पाहुण्यांना पुढच्या वेळी अँकरने एवढंच विचारावं की साहेब, माल्टाचे कॅथलिक कुठल्या बाजूला धरायचे?

तुमच्या डेस्कवर शब्दांची यादी भिंतीला लावलेली असते असं ऐकून आहे, तिच्यात या चार ओळी टाकायला किती वेळ लागतो.

कळावे,
सदर इसम,
अलिबाग

ता. क. – हे पत्र छापलंत तर कृपया हेडिंगमध्ये ‘सेमेटिकविरोधी’ टाकू नका.